देशोदेशींची वीज आणि प्रवाशाचा प्लग

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असें आपल्याकडे फार पूर्वींपासून म्हणतात. पाण्याची चव, भाकरीचें पीठ आणि पागोट्याचा पेच हींही तशींच प्रांतोप्रांतीं निराळीं; आणि प्रवासास निघणारा मनुष्य या बदलाची तयारी मनांत ठेवूनच घराबाहेर पडे. परंतु वीज ही निसर्गाची शक्ति. ती पुण्यास एका रीतीची आणि पॅरिसला दुसऱ्या रीतीची असावी, याचें कारण सहजासहजीं ध्यानांत येत नाहीं. कोल्हापुराहून निघालेला एखादा विद्यार्थी रात्रीं उशीरां लंडनच्या वसतिगृहांत येऊन पोंचतो. दिवसभराच्या प्रवासांत त्याच्या मोबाइलची बॅटरी संपलेली असते. सुखरूप पोंचल्याचा निरोप घरीं कळवावा म्हणून तो पेटींतून चार्जर काढतो आणि भिंतीकडे पाहतो, तों तेथें तीन चौकोनी छिद्रें. त्याच्या हातांतील पिना मात्र गोल! इकडे आई निरोपाची वाट पाहत जागी असते. हातांत यंत्र आहे, भिंतींत वीज आहे, आणि दोहोंची गांठ कांहीं पडत नाहीं.

ही अडचण दिसावयास लहान. बाजारांत दहा-वीस आकारांचे अ‍ॅडाप्टर मिळतात, त्यांतील एक घेतला कीं काम भागतें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु छिद्रांचा आकार हा या भेदाचा केवळ वरचा पापुद्रा होय. त्याच्या खालीं विजेच्या दाबाचा भेद आहे, आणि त्याच्याही खालीं आवर्तनांचा. पहिला भेद मनुष्याची अडवणूक करतो. दुसरा यंत्र जाळतो, आणि प्रसंगीं घरासही आग लावतो. हे तीन भेद कसे उत्पन्न झाले, ते मिटविण्याचे प्रयत्न कां फसले आणि अखेर त्यांवर तोडगा कोणत्या बाजूनें निघाला, हा गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

या इतिहासाचा आरंभ दिव्यापासून होतो. ४ सप्टेंबर १८८२ रोजीं न्यूयॉर्क शहरांतील पर्ल स्ट्रीट या रस्त्यावर थॉमस एडिसन यानें आपलें वीजकेंद्र सुरू केलें. त्या काळीं घरांत विजेचें काम एकच, तें म्हणजे उजेड देणें. एडिसनच्या दिव्यांतील कोळशाचा तंतु शंभर व्होल्टच्या आसपास चांगला जळे. तारांतून जातांना दाब थोडा घटतो, म्हणून केंद्रावर तो ११० व्होल्टच्या सुमारास ठेवण्यांत आला. प्रवाह सरळ, म्हणजे एकाच दिशेनें वाहणारा होता. आज अमेरिकेच्या घरांतील १२० व्होल्टचा दाब हा त्या कोळशाच्या तंतूचा वारस आहे. तो दिवा केव्हांच अडगळींत गेला. त्याच्यासाठीं ठरविलेला दाब मात्र राहिला.

कमी दाबाचा एक तोटा असा कीं, तेवढेंच काम करण्यास प्रवाह अधिक लागतो, आणि अधिक प्रवाहास तांब्याची तार जाड लागते. दाब दुप्पट केला तर प्रवाह निम्मा होतो. आणि गळतीचें प्रमाण तेंच राखावयाचें असल्यास तांबें चौथ्या हिश्श्यावर येतें. हा हिशेब बर्लिनच्या वीज कंपनीनें वेळींच ओळखला. १८९९ सालीं तिनें आपल्या ग्राहकांना २२० व्होल्टचा दाब देण्याचें ठरविलें. ग्राहकांचे जुने दिवे व यंत्रें बदलून देण्याचा खर्च तिला सोसावा लागला खरा, परंतु तारांत वांचलेल्या तांब्यानें तो भरून निघाला. पुढें युरोपांतील बहुतेक देशांनीं हीच वाट धरली. अमेरिकेंत तोंपर्यंत ११० व्होल्टचे दिवे इतक्या घरांत लागले होते कीं, ते सर्व काढून टाकणें कोणासही परवडण्यासारखें नव्हतें. तेथें एक मधला मार्ग निघाला. दोन भारित तारा व त्यांच्यामध्यें एक तटस्थ तार अशी योजना करून दिव्यांना कमी दाब आणि मोठ्या चुलींना दुप्पट दाब देण्याची सोय झाली. ती आजही तेथें चालू आहे. जो देश पुढें गेला त्याच्याच पायांत जुन्या सोयीची बेडी पडली आणि जो थोडा मागून आला तो मोकळा राहिला, असा हा प्रकार होय.

सरळ प्रवाहाची दुसरी अडचण अंतराची. केंद्रापासून सुमारें मैलभराच्या पलीकडे तो किफायतशीरपणें नेतां येत नसे. हंगेरींतील बुडापेस्ट शहरीं गांझ कंपनीच्या झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघां अभियंत्यांनीं १८८५ सालीं ट्रान्सफॉर्मरला व्यवहारांत उपयोगी पडेल असें रूप दिलें. लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळावयाचीं. एकांत प्रवाह सोडला कीं दुसऱ्यांत तो वेढ्यांच्या संख्येच्या प्रमाणांत कमी वा अधिक दाबानें उत्पन्न होतो. मात्र त्यासाठीं प्रवाहाची दिशा सतत उलटसुलट व्हावी लागते. अशा रीतीनें उलटसुलट प्रवाह मैदानांत उतरला. अमेरिकेंत निकोला टेस्ला याच्या १८८८ च्या पेटंटांच्या आधारें वेस्टिंगहाऊस यानें त्याचा पुरस्कार केला, आणि १८९३ सालीं शिकागोचें जागतिक प्रदर्शन याच प्रवाहानें उजळून निघालें. एडिसनची पद्धति हरली. परंतु हरलेली पद्धतिही किती चिवट असते पाहा! न्यूयॉर्कमधील सरळ प्रवाहाचा शेवटचा पुरवठा वीज कंपनीनें बंद केला तो १४ नोव्हेंबर २००७ रोजीं. म्हणजे पर्ल स्ट्रीटचें केंद्र सुरू झाल्यावर तब्बल सव्वाशें वर्षांनीं.

उलटसुलट प्रवाहाबरोबर तिसरा भेद जन्मास आला. प्रवाहानें सेकंदास किती आवर्तनें करावीं? अमेरिकन कंपन्या हळूहळू साठांवर स्थिरावल्या, जर्मन कंपन्यांनीं पन्नास पसंत केलीं. दोहोंपैकीं कोणतीही संख्या चुकीची नव्हती. परंतु जेथें दोन्ही एकत्र आल्या तेथें काय घडतें, याचा दाखला जपाननें जगाला दिला आहे. १८९५-९६ च्या सुमारास टोकियोच्या वीज कंपनीनें जर्मनींतून पन्नास आवर्तनांचीं यंत्रें आणविलीं आणि ओसाकाच्या कंपनीनें अमेरिकेंतून साठ आवर्तनांचीं. दोन शहरांनीं दोन दुकानांतून केलेली ही खरेदी. परंतु तिनें देशाचे दोन भाग पाडले. आजही जपानच्या पूर्वेस पन्नास आणि पश्चिमेस साठ आवर्तनें आहेत. ११ मार्च २०११ रोजीं प्रचंड भूकंप व समुद्राची लाट यांनीं पूर्वेकडील वीजकेंद्रें बंद पडलीं, तेव्हां पश्चिमेकडून तिकडे वीज नेणारीं रूपांतर-केंद्रें सुमारें दहा लाख किलोवॅटच्या पलीकडे कांहीं देऊं शकत नव्हतीं. टोकियोच्या परिसरांत पाळीपाळीनें अंधार करावा लागला. संकटांत सांपडलेल्या भावाला दुसरा भाऊ हात देऊं पाहतो आणि शंभर वर्षांपूर्वींची एक खरेदी मध्यें आडवी येते!

एवढा भेद देशादेशांतच होता असें नाहीं. एकाच शहरांतही तो होता. पहिलें महायुद्ध संपतांना, १९१८ च्या सुमारास, एकट्या लंडन शहरांत वीज पुरविणाऱ्या सत्तर संस्था होत्या. त्यांचीं केंद्रें पन्नास प्रकारचीं, आवर्तनें दहा प्रकारचीं आणि दाब चोवीस प्रकारचे होते. एका पेठेंतून दुसऱ्या पेठेंत बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबाला आपली इस्त्री तेथें चालेल कीं नाहीं याची शाश्वति नसे. १९२६ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून मध्यवर्ती वीजमंडळ स्थापन केलें आणि पन्नास आवर्तनांचें राष्ट्रव्यापी जाळें विणण्यास आरंभ केला, तेव्हां कुठें हा गोंधळ ओसरूं लागला. म्हणजे आजच्या प्रवाशाला सातासमुद्रांपलीकडे भोगावी लागणारी अडचण त्या काळच्या लंडनकराला गल्ली ओलांडतांच भोगावी लागे.

आतां पिना व छिद्रें यांचा भेद पाहूं. आरंभीं भिंतींत छिद्रें नव्हतींच. घरांत विजेची तार येई ती दिव्याच्या होल्डरपर्यंत. पुढें पंखा, इस्त्री, चहाची किटली हीं आलीं, तेव्हां त्यांचीं टोकें दिवा काढून त्या होल्डरांत फिरवून बसवावीं लागत. जुन्या घरांत अशीं टोकें कित्येकांनीं पाहिलीं असतील. अमेरिकेंत हार्वे हबेल यानें १९०४ सालीं एका जोडणीचें पेटंट मिळविलें. तिचा एक भाग होल्डरांत कायमचा बसे आणि दुसरा भाग पिनांच्या योगानें हवा तेव्हां लावतां-काढतां येई. हाच आजच्या प्लगचा एक पूर्वज होय. परंतु देशोदेशींच्या कारागिरांनीं आपापल्या बुद्धीप्रमाणें कोणीं चपट्या, कोणीं गोल, कोणीं तिरप्या पिना केल्या. एकमेकांस विचारण्याची गरज कोणास भासली नाहीं. कारण विजेची इस्त्री बगलेंत मारून आगबोटीवर चढणारा प्रवासी त्या काळीं कोठें होता? इटलींत तर दिव्याची वीज आणि इतर यंत्रांची वीज निरनिराळ्या दरानें विकली जाई. म्हणून एकाचा प्लग दुसरीकडे बसूं नये अशा हेतूनेंच दोन मापें ठरविण्यांत आलीं.

या आकारांच्या मुळाशीं सर्वत्र लहरच होती असें समजणें मात्र अन्यायाचें होईल. पुष्कळ ठिकाणीं त्यांत मनुष्याच्या जिवाची काळजी होती. यंत्राच्या धातूच्या अंगाला चुकून वीज लागली तर ती मनुष्याच्या देहांतून न जातां जमिनींत जावी, यासाठीं तिसरी जोडणी, म्हणजे अर्थिंग, आवश्यक असते. १९२० नंतरच्या दशकांत जर्मनींत निघालेल्या शुको प्लगमध्यें ही जोडणी कडेच्या दोन पट्ट्यांनीं होते, आणि ती मुख्य पिनांच्या आधीं लागते. ब्रिटनमध्यें दुसरें महायुद्ध चालूं असतांनाच, युद्धानंतर बांधावयाच्या घरांतील विजेचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमण्यांत आली होती. वीस सभासदांच्या त्या समितींत डेम कॅरोलीन हॅस्लेट ही एकच स्त्री होती, आणि घरांतील लहान मुलांच्या सुरक्षिततेचा आग्रह तिनें धरला. तांब्याची टंचाई होती. म्हणून घरभर एकच वलयाकार तार फिरवावी आणि प्रत्येक प्लगमध्यें स्वतंत्र फ्यूज ठेवावा असें ठरलें. छिद्रांवर झडपा बसल्या. अर्थची लांब पिन आंत शिरली तरच त्या उघडतात, एरव्हीं मुलानें खिळा किंवा सुई घातली तरी ती आंत जात नाहीं. चौकोनी पिनांचा हा ब्रिटिश प्लग १९४७ सालीं प्रसिद्ध झालेल्या मानकानें रूढ झाला. कोल्हापूरच्या त्या विद्यार्थ्याला वसतिगृहांत आडवा आला तो हाच. आणि दुबई, सिंगापूर व हाँगकाँग येथेंही प्रवाशाची गांठ याच्याशींच पडते.

मग भारतांत गोल पिना कशा राहिल्या? याचें उत्तर सालांतच आहे. १९३४ च्या ब्रिटिश मानकांत तीन गोल पिनांचा प्लग सांगितलेला होता, आणि इंग्रजी अमलांत तोच हिंदुस्थानांत आला. १९४७ सालीं इंग्रजांनीं स्वतःच्या घरांतील पिना बदलण्यास घेतल्या, आणि त्याच सालीं ते येथून गेले. त्यांनीं टाकून दिलेला आकार आपल्याकडे कायम झाला, आणि पुढें आपल्या राष्ट्रीय मानकानेंही तोच मुख्यत्वें मान्य केला. आज इंग्लंडांत ह्या मोठ्या गोल पिना पाहावयाच्या तर नाटकगृहांतील रंगमंचाच्या दिव्यांकडे जावें लागतें. येथें मात्र त्या पाण्याच्या हीटरपासून इस्त्रीपर्यंत सर्वत्र आहेत. राज्य गेलें, पिना राहिल्या.

हे सर्व भेद मिटवावे असें कोणाच्याच मनांत आलें नाहीं असें नाहीं. १९०६ सालीं लंडन येथें आंतरराष्ट्रीय विद्युत् आयोगाची स्थापना झाली आणि लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ तिचा पहिला अध्यक्ष झाला. परंतु घरगुती प्लगाच्या प्रश्नाकडे लक्ष पुरविण्याच्या काळांत दोन महायुद्धें आडवीं आलीं. आणि दुसऱ्या युद्धानंतर जो तो देश आपापलीं पडलेलीं घरें आपापल्या पद्धतीनें उभारूं लागला. शेवटीं १९८६ सालीं या आयोगानें साऱ्या जगासाठीं एक प्लग सुचविला. तो आटोपशीर, सुरक्षित आणि विचारपूर्वक केलेला होता. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका या देशांनीं पुढें त्यावरून आपलें मानक तयार केलें. इतरांनीं त्याची प्रशंसा केली आणि त्याला नमस्कार केला. कारण उघड होतें. कोट्यवधि घरांच्या भिंती फोडून नवीं छिद्रें कोणाच्या खर्चानें बसवावयाचीं? आणि बसविलीं तरी जुन्या यंत्रांचें काय करावयाचें? आज जगांत नांवनिशीवार मोजलेले सुमारें पंधरा प्रकारचे प्लग आहेत.

दाबाच्या बाबतींत युरोपनें एकी साधली, परंतु ती कशी साधली हें पाहिलें म्हणजे थोडें हसूं येतें. ब्रिटनमध्यें २४० व्होल्ट होते आणि पलीकडील देशांत २२०. दोघांनीं २३० हा आंकडा मान्य केला, आणि १ जानेवारी १९९५ पासून ब्रिटननें तो कागदोपत्रीं लागूही केला. मात्र त्या आंकड्याच्या वर व खालीं इतकी सूट ठेवण्यांत आली कीं, जुने २४० ही त्यांत बसले आणि जुने २२० ही. एकाही वीजकेंद्राला चाक फिरवावें लागलें नाहीं. तरीही हा समेट अगदींच पोकळ म्हणतां येणार नाहीं. कारण पुढें यंत्रें बनविणाऱ्यांना दोन्ही टोकें सहन होतील अशींच यंत्रें बनवावीं लागलीं. एकी भिंतींत झाली नाहीं, ती यंत्रांत झाली. आणि या साऱ्या इतिहासाची किल्ली येथेंच आहे.

महाराष्ट्राला हा अनुभव परदेशीं न जातांही आलेला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची आगगाडी धांवली, ती १५०० व्होल्टच्या सरळ प्रवाहावर. हीच पद्धति पुढें दोन्ही घाट चढून इगतपुरीस व पुण्यास पोंचली. स्वातंत्र्यानंतर देशांतील नव्या मार्गांसाठीं रेल्वेनें २५,००० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह पत्करला, आणि मग दोन्ही पद्धतींची गांठ पडे त्या ठिकाणीं गाडीचें इंजिन बदलणें प्राप्त झालें. इगतपुरीच्या स्टेशनावर गाडी कां थांबून राहते, हें वडापाव खात फलाटावर उभ्या असलेल्या उतारूंना ठाऊक असे. तेथें दोन उपाय करण्यांत आले. एक, दोन्ही प्रवाहांवर चालणारीं इंजिनें बांधणें. आणि दुसरा, सर्व मार्गावरील तारांची पद्धतीच बदलणें. पहिला उपाय थोड्या वर्षांत हातीं आला. दुसरा मुंबईच्या उपनगरी मार्गांवर पुरा होण्यास २०१६ साल उजाडलें, म्हणजे पहिली गाडी धांवल्यावर एक्याण्णव वर्षें लागलीं.

प्रवाशाच्या पेटींतही हेच दोन प्रकारचे उपाय असतात, आणि त्यांतील भेद न ओळखल्यामुळेंच बहुतेक अपघात होतात. अ‍ॅडाप्टर म्हणजे केवळ आकाराचा दुभाषी. तो गोल पिनेला चौकोनी छिद्रांत नेऊन सोडतो. विजेचा दाब त्यानें रतिभरही बदलत नाहीं. दाब बदलणारें साधन म्हणजे कन्व्हर्टर किंवा ट्रान्सफॉर्मर. अमेरिकेंतून आणलेलें १२० व्होल्टचें केस वाळविण्याचें यंत्र नुसत्या अ‍ॅडाप्टरनें भारतांतील २३० व्होल्टला जोडलें, तर त्यांत जवळजवळ चौपट उष्णता उत्पन्न होऊं पाहते आणि क्षणांत त्याची राख होते. उलट, येथून नेलेली पाण्याची किटली तिकडे लावली तर ती जळत नाहीं, पण तिची उष्णता पाव हिश्श्याच्या आसपास येते, आणि चहाची वाट पाहतां पाहतां मनुष्यच तापतो. अमेरिकेंत संसार थाटणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांनीं येथून मिक्सर नेला. चटणी आणि भिजवलेली डाळ वाटण्यास तो हवाच. परंतु त्याच्यासोबत मिक्सरच्या वॅटहून अधिक क्षमतेचा, विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मरही ओट्यावर ठेवावा लागे. हलके व स्वस्त असे दुसरे कन्व्हर्टर मिळतात, ते विजेच्या लहरींचा कांहीं भाग कापून दाब कमी करतात. ते केवळ उष्णता देणाऱ्या साध्या यंत्रांसाठीं असतात; नाजूक यंत्रें त्यांवर लावल्यास बिघडतात. आणि आवर्तनांची संख्या तर या दोहोंपैकीं कोणासही बदलतां येत नाहीं. साठ आवर्तनांच्या तालावर चालणारें भिंतीवरचें घड्याळ योग्य दाब देऊनही पन्नास आवर्तनांच्या देशांत दर तासास दहा मिनिटें मागें पडतें.

असें असतां आजचा प्रवासी तोच मोबाइल आणि तोच लॅपटॉप घेऊन टोकियोपासून टोरोंटोपर्यंत निर्धास्त कसा हिंडतो? याचें श्रेय चार्जरच्या लहानशा डबीला आहे. जुन्या चार्जरांत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असे. तो एकाच दाबासाठीं घडविलेला. १९७० नंतर निराळी पद्धति प्रसारांत आली. तींत भिंतींतून आलेला उलटसुलट प्रवाह प्रथम सरळ केला जातो. मग एक सूक्ष्म विद्युत्-कळ त्याचे सेकंदास हजारों तुकडे पाडते, आणि ते तुकडे एका चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून जातात. बाहेर पडणारा दाब कमी होतो असें दिसलें कीं कळ अधिक वेळ उघडी राहते, वाढतो असें दिसलें कीं कमी वेळ. त्यामुळें आंत १०० व्होल्ट येवोत कीं २४०, पन्नास आवर्तनें असोत कीं साठ, बाहेर हवा तेवढाच दाब मिळतो. आरंभींच्या कांहीं संगणकांवर दाब निवडण्याची कळ हातानें सरकवावी लागे, आणि ती विसरणाऱ्याचें यंत्र जळे. पुढें ती कळही गेली. म्हणून चार्जरच्या पाठीवरील बारीक अक्षरें वाचण्याची संवय प्रत्येकानें लावून घ्यावी. तेथें 'इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असें असेल, तर परदेशीं केवळ आकाराचा अ‍ॅडाप्टर पुरतो. एकच आंकडा असेल, तर तें यंत्र घरीं ठेवणें बरें.

येथें एका धोक्याची आठवण ठेवली पाहिजे. दोन पिनांचा प्लग झडपांच्या सॉकेटांत जात नाहीं असें दिसतांच वरच्या छिद्रांत पेनाचें टोक किंवा काडी घालून झडप उघडण्याची युक्ति कित्येकजण करतात. ज्या झडपा लहान मुलांच्या जिवासाठीं बसविल्या, त्या आपल्याच हातानें निकामी करण्यासारखें हें आहे. तसेंच पुष्कळ स्वस्त अ‍ॅडाप्टरांत अर्थची जोडणी नसते. अर्थ लागणारें धातूचें यंत्र त्यांवर चालविलें, तर तें चालतें खरें. परंतु संरक्षणाची तिसरी तार तुटलेलीच असते, आणि तें अपघात होईपर्यंत कळत नाहीं.

भिंतीची भांडणें मिटलीं नाहींत, तोंच चार्जर आणि मोबाइल यांच्यामधील टोकांचीं भांडणें उभीं राहिलीं. प्रत्येक कंपनीचें टोक निराळें, आणि घराघरांतील खण निरुपयोगी चार्जरांनीं भरलेले. जणूं १९१८ चें लंडन पुन्हां अवतरलें! मात्र या वेळीं जगानें पूर्वींइतका उशीर केला नाहीं. २००९ सालीं प्रमुख मोबाइल-निर्मात्यांनीं युरोपांत एका समान टोकाविषयीं स्वखुशीचा करार केला. तो अपुरा पडला, तेव्हां २०२२ सालीं युरोपीय संघानें कायदाच केला. त्याप्रमाणें २८ डिसेंबर २०२४ पासून तेथें विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइल, टॅब्लेट व कॅमेऱ्यांना यूएसबी-सी हें एकच टोक बंधनकारक झालें, आणि लॅपटॉपांसाठीं २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यांत आली. आयफोननेंही २०२३ मध्यें तेंच टोक स्वीकारलें. या तारेंतून वाहणारा प्रवाह सरळ असतो. म्हणजे एडिसनची हरलेली पद्धति भिंतीपासून यंत्रापर्यंतच्या शेवटच्या दोन हातांवर पुन्हां राज्य करूं लागली आहे.

या इतिहासाचा बोध काय? आरंभीं सहज म्हणून ठरविलेली गोष्ट पुढें भिंतींत, तारांत आणि संवयींत मुरते. आणि मग ती चुकीची आहे असें सर्वांस पटलें तरी बदलतां येत नाहीं. एकवाक्यता करावयाची तर ती आरंभींच करावी. तेव्हां ती एका बैठकीचें काम असते, नंतर ती पिढ्यांचें काम होते. परंतु ती वेळ निघून गेली म्हणून हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. जगांतील सर्व भिंती एक करणें मनुष्याला साधलें नाहीं. प्रत्येक भिंतीशीं जुळवून घेणारें यंत्र करणें त्याला साधलें. बहुभाषी देशांत राहणाऱ्यांना ही युक्ति नवी नाहीं. शेजाऱ्यानें आपली भाषा बदलावी असा हट्ट न धरतां दोघांच्या भाषा समजून घेणारा मनुष्य चार प्रांतांत सुखानें वावरतो. चार्जरच्या त्या डबीनें तेंच केलें आहे.

लंडनच्या वसतिगृहांतील त्या विद्यार्थ्याला शेजारच्या खोलींतून एक साधा अ‍ॅडाप्टर मिळतो. चार्जरच्या पाठीवरचीं बारीक अक्षरें तो एकदां वाचून पाहतो आणि मगच कळ दाबतो. मोबाइलवर उजेड येतो, आणि कोल्हापुरांत जागत बसलेल्या आईला चार शब्दांचा निरोप पोंचतो.